योद्धा मरता कामा नये

लेकीने स्वतःच्या मनाने निवडलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तो काखेत भलंमोठं जुनाट खोकं घेऊन. मुलाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि जुने खेळ जमवायचा त्याला नाद होता. वडिलांनी होकार दिल्याशिवाय लग्न नाही, हे लेकीने त्याला येतानाच बजावलं होतं. वडील वजनकाटे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांची खोटी मापं पकडण्यात जन्म गेल्यामुळे ते पाहुण्यालाही आधी नजरेने तोलून बघत. आईची तऱ्हा वेगळी. झाकलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्या बाईला चैन पडत नसे. मुलगा बूट काढतोय तोवर तिने खोक्याचं झाकण उचललंसुद्धा होतं.

आत भुयाराचा पट होता, पुठ्ठ्याची दारं होती, बोटाएवढे सांगाडे होते.

"काय रे हे?" आईने विचारलं.

"साहसाचा खेळ, काकू. माझ्या जन्माच्या आधीचा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगासारखं वागायचं. अगदी नवशिक्यांसाठी आहे."

"सोंगं मी नोकरीत पुष्कळ पाहिली," वडील म्हणाले. पण योद्धा आपल्याला मिळतोय म्हटल्यावर ते घटकाभर बसायला तयार झाले. आई जादूगारीण झाली, लेक बुटका. मुलगा सूत्रधार. त्याने पुठ्ठ्याचा पडदा उभा करून त्यामागे बसायचं, राक्षसांच्या वतीने फासा टाकायचा आणि काय झालं ते सांगायचं.

वडिलांनी आधी फासा मागून घेतला, वाटीभर मिठाच्या पाण्यात तरंगत सोडला आणि बोटाने पुन्हा पुन्हा फिरवून, दर वेळी एकच बाजू वर येते का ते पाहिलं. "फासा खरा आहे," त्यांनी निकाल दिला.

पहिल्याच खोलीत सांगाड्याने योद्ध्यावर वार केला आणि पडद्यामागे सहा पडले. नियमाप्रमाणे योद्धा तिथेच आडवा व्हायचा. मुलाची पाचावर धारण बसली. होणाऱ्या सासऱ्याला पहिल्या भेटीतच कसं मारायचं?

"एक पडला," तो म्हणाला. "वार हुकला, काका."

"हुकणारच!" वडील म्हणाले.

इथेच घोटाळा झाला. वार लागत नाही म्हटल्यावर वडिलांना चेव चढला. दुसऱ्या खोलीत ते सर्वांच्या पुढे घुसले. तिथे पाच पडले, मुलाने दोन सांगितले. तिसऱ्या खोलीत त्यांनी ढाल काढून बुटक्याला देऊन टाकली. "घे गं तुला. मला नाही लागत." आता मुलाला प्रत्येक वाराला खोटं बोलणं भाग होतं. वडील मात्र खुर्ची सोडून पटावर ओणवे झाले होते.

"त्या शेवटच्या दारामागे काय आहे?"

"काका, तिथे सगळ्यांनी मिळून जावं, असं नियमात—"

"मी एकटा जातो."

आई चहा घेऊन आली. तिला दारापेक्षा पडद्यामागे काय चाललंय याची उत्सुकता जास्त. कप ठेवण्याच्या निमित्ताने ती मुलाच्या पाठीमागे गेली, नेमकी फासा पडत असताना.

"एक!" मुलगा म्हणाला.

"अगंबाई, सहा आहेत की!" आई म्हणाली.

वडील सरळ उभे राहिले. "आधीचेही खोटेच का?"

मुलाने मान खाली घातली. "काका, तुम्ही पहिल्याच खोलीत गेला असता."

"मग जाऊ द्यायचं होतं! खोट्याच्या कपाळी गोटा. जन्मभर मी लोकांची खोटी मापं जप्त केली आणि आता खोटं मापणारा जावई करून घेऊ? जमायचं नाही."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने ट्रे टेबलावर आपटला.

"अहो, पुरे! तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा माझ्या बाबांशी बुद्धिबळाचे तीन डाव ओळीने हरलात. बाबा म्हणाले, पोरगा मुद्दाम हरतोय, वडीलधाऱ्यांचं मन राखतोय, हा तुला जपेल. म्हणून मी हो म्हटलं. तेव्हा तुम्ही केलं ते चांगलं आणि यानं केलं ते पाप?"

वडिलांना नुसतं 'बरं' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खात्यातली सवय आडवी आली.

"मुद्दाम नव्हतो हरलो," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"मला घोडा कसा चालतो तेच नीट माहीत नव्हतं."

आई खुर्चीत बसली. "म्हणजे इतकी वर्षं मी ज्या गुणावर भाळून संसार केला, तो गुण तुमच्यात नव्हताच?"

"मला कुणी विचारलंच नाही!"

आई मुलाकडे वळली. "तू तरी मुद्दामच केलंस ना? की तुला आकडे वाचता येत नाहीत?"

"मुद्दामच, काकू. शपथ."

"मग माझा होकार आहे."

लेकीने डोळे पुसले. वडिलांनी घसा खाकरला. "आणि माझा?"

"तुम्ही थांबा," आई म्हणाली. "तुमच्याबद्दल मला आता नव्याने विचार करायचाय."