चूक सापडल्याचे पेढे

नारायणगावच्या पेठेतल्या कांतीशेठच्या दुकानातून पातेलं घेतलं, की घरी गेल्यावर आधी आत हात घालून बघावं लागे. आत फ्लॉपी असायची. कुकरमध्ये निघायची, पिठाच्या डब्यात निघायची. एकदा आमच्या मोदकपात्रात निघाली आणि उकडायची थोडक्यात वाचली.

कांतीशेठ म्हणजे स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. पूर्वज राजस्थानातून आलेले, पण शेठचं मराठी आमच्यापेक्षा रांगडं. त्यांच्या आणि माझ्या औषधांच्या दुकानात एकच भिंत होती, त्यामुळे त्यांचं सुखदुःख मला फुकटात ऐकू यायचं. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. विकणाऱ्यानं सांगितलं असणार, यावर हिशेब होतात. शेठना हिशेबात काडीचा रस नव्हता. त्यांनी पुस्तकं मागवली आणि दुपारी पेठ पेंगत असताना प्रोग्रॅम लिहायला बसले ते बसलेच.

स्वतःसाठी एकही लिहिला नाही. माझ्यासाठी लिहिला तो औषधांच्या मुदतीचा. कुठली बाटली कधी बाद होणार ते आधीच ओरडून सांगायचा. टोमॅटोवाल्यांसाठी क्रेटचा होता. आळेफाट्याच्या एका हॉटेलमालकासाठी येणाऱ्याजाणाऱ्या एसट्यांचा होता, म्हणजे नाशिकची गाडी यायच्या आत भजी तळून तयार. भारनियमन सुरू झालं तेव्हा सगळ्या प्रोग्रॅमना एक खोड लावून दिली: दर मिनिटाला स्वतःच सगळं साठवून ठेवायचं, लाईट जाणारच आहे हे गृहीत धरून. ही खोड मला संसारातही फार उपयोगी वाटते.

हे सगळं फुकट, फ्लॉपीवर भरून, गिऱ्हाइकाच्या भांड्यात घालून. आणि नुसतं फुकट असतं तर माझी काही तक्रार नव्हती. शेठ प्रोग्रॅमबरोबर त्याचं पोटही द्यायचे. म्हणजे तो ज्या ओळींनी लिहिला त्या सगळ्या ओळी. वर बजावायचे, "आत बघा. आवडलं न्हाई तर बदला. बदललं तर मला बी द्या."

एकदा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस टाय लावून आला. मुदतीचा प्रोग्रॅम विकत घेतो म्हणाला, फक्त आतल्या ओळी कुणाला दाखवायच्या नाहीत. शेठनी त्याला चहा पाजला आणि विचारलं की तुमच्याकडे शेजारणी विरजणाचे पैसे घेतात का. तो म्हणाला, नाही. "मग? दही दिलं तर एक दिवसाचं. विरजण दिलं तर रोजचं," शेठ म्हणाले आणि त्याच्या बॅगेत एक फ्लॉपी सरकवली.

फ्लॉप्यांनी गोंधळ कमी घातले नाहीत. पहिली फ्लॉपी शेठनी ओझरच्या विघ्नहराच्या पायाशी ठेवली. पुजाऱ्यानं मनापासून कुंकू वाहिलं, आणि ते कुंकू पुढे महिनाभर कॉम्प्युटरच्या घशात अडकून राहिलं. अवसरी बुद्रुकच्या एका बागायतदारानं मुलीच्या लग्नाची सगळी भांडी शेठकडून घेतली. नावं घातली, पाठवणी झाली. आठवड्यानं व्याह्यांचा निरोप आला: फ्लॉप्या मिळाल्या, कॉम्प्युटर कधी पाठवताय? बागायतदार दुकानात येऊन टेबलावर हात आपटायला लागले. शेठनी त्यांना शांतपणे विचारलं, "पण पावणं, त्यांनी आत बघितलं का?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारायचे. आणि त्याचं उत्तर एकच असायचं. हॉटेलवाला म्हणायचा, लई भारी चालतंय. टोमॅटोवाले म्हणायचे, लई भारी. मीही तेच म्हणायचो. मला विचारलं की मी म्हणायचो, "शेठ, गोळी लागू पडली तर पेशंट ती फोडून बघतो का?" ते हसायचे, पण हसून झाल्यावर थोडा वेळ तराजूच्या ताटलीकडे बघत राहायचे. शेठना पैसा नको होता, कौतुकही नको होतं. कुणीतरी एकदा आत जाऊन त्यांची एक ओळ बदलावी, एवढंच त्यांना हवं होतं. साऱ्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात हे मागणं पुरं करणारा माणूस नव्हता. शेठ मात्र दर गिऱ्हाइकाला त्याच आशेनं विचारायचे, आणि खरं सांगतो, मला ते बघवत नसे.

त्यांच्या सगळ्या प्रोग्रॅमांत लाडका म्हणजे 'मावळत'. तो त्यांच्या आईसाठी होता. आईंना सगळी पेठ बाई म्हणायची. बाईंचा चौविहार, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. पण आमच्याकडे सूर्य आधी डोंगराआड जातो आणि मग खरा मावळतो. बाई डोंगरालाच प्रमाण मानून ताटावरून उठायच्या आणि अर्धी भाकरी तशीच राहायची. शेठना त्या अर्ध्या भाकरीचा त्रास व्हायचा. म्हणून त्यांनी गावोगावची सूर्यास्ताची अचूक वेळ काढणारं गणित लिहिलं. बाई पडद्यावर वेळ बघून निवांत जेवायला लागल्या. पुढे पेठेतल्या बायकांनी हट्ट धरला तेव्हा त्यात संकष्टीचा चंद्रोदयही घातला गेला.

दोन हजार सालानंतर गावात नेट आलं तसं शेठनी सगळे प्रोग्रॅम पोटासकट नेटवर ठेवले. पातेल्यांत फ्लॉपी निघायची बंद झाली. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आणि मग एका दुपारी शेठ पेठेतून पळत आले. दुकान उघडं, पायात एकच चप्पल, हातात नेट कॅफेतून छापून आणलेला कागद. मला वाटलं बाईंचं काही झालं. मी काउंटरवरून उडीच मारायच्या बेतात होतो. शेठ धापा टाकत म्हणाले, "माझी चूक सापडली राव."

नॉर्वेत नोकरीला असलेल्या कुणा गुजराती जैन गृहस्थाची ईमेल होती. तो तिकडे 'मावळत' वापरत होता. शेठनी त्यात एक अट घातली होती: सूर्यास्त साडेसातच्या पुढे निघाला तर गणितात घोळ आहे असं समजायचं, आणि पडद्यावर लिहायचं, 'शंका आहे, जेवू नका.' आमच्याकडे उन्हाळ्यातही सव्वासातच्या आसपास सूर्य जातोच. तो कुठे त्याच्या पुढे थांबत असेल, हे नारायणगावच्या माणसाच्या मनात कशाला येईल? तिकडे जूनमध्ये तो साडेदहाला मावळतो. बिचाऱ्याला प्रोग्रॅम महिनाभर रोज सांगत होता, जेवू नका. शेवटी त्यानं आत बघितलं. अट सापडली, ती काढली, जाता जाता आणखी दोन ओळी सुबक केल्या आणि बदललेलं सगळं शेठना परत पाठवलं.

शेठनी पाच किलो पेढे आणले. पेठेत तर्कांना ऊत आला. नातू झाला म्हणावं तर मुलाचं लग्न व्हायचं होतं. चूक सापडली म्हणून वाटतात हे कळल्यावर टोमॅटोवाले दादा म्हणाले, या हिशेबानं आमच्या घरात रोज पेढे लागतील. बाईंना नॉर्वेची हकिकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाल्या की तिकडच्या सुनांना फार उशिरापर्यंत वाढावं लागत असणार.

मग शेठनी दुकानातला सगळ्यात देखणा पितळी तांब्या काढला. नाव घालायचं यंत्र हातात घेतलं, त्या गृहस्थाचं नाव कोरलं आणि खाली कोरलं: आत बघितल्याबद्दल सप्रेम भेट. तांब्या दुकानांतून फिरला. ज्यांना नॉर्वे कुठे आहे ते ठाऊक नव्हतं त्यांनीही तो हातात घेऊन वजन केलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पार्सल निघालं तेव्हा पोस्टापर्यंत आम्ही सगळे बरोबर होतो. एवढा मान आमच्या पेठेत आमदारालाही मिळालेला नाही.

परत आल्यावर गर्दी पांगली. शेठ कॉम्प्युटरसमोर बसून त्या परक्या माणसाच्या ओळी वाचत होते. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. मी म्हणालो, शेठ, जग जिंकल्यासारखं काय आहे एवढं त्यात?

ते वळले नाहीत. "गोष्ट सांगताना पुढच्यानं हूं म्हणावं लागतं भाऊ. न्हाई तर सांगणाराला कळत न्हाई, मानूस जागा हाय का झोपला. मी आपला इतकी वर्षं सांगतच व्हतो. आज कुनीतरी हूं म्हनलं."

भिंतीपलीकडून मी या माणसाचं सगळं ऐकत होतो, असं मी समजत होतो. दुकान पोऱ्यावर सोपवलेलं नव्हतं, दोन गिऱ्हाइकं पलीकडे हाका मारत होती. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, पहिल्या ओळीपासून सांगा.

शेठनी चष्मा पुसला, पडद्यावर बोट ठेवलं आणि सांगायला लागले. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

मी म्हणालो, "हूं."