मरघटवाले अमीन

कोणत्याही गावाच्या मसणवट्यात पाय ठेवण्याआधी मोजणी खात्यातले डुलीचंद टेंभरे अमीन वहाणा काढत, टोपी सारखी करत आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहून हात खालीवर हलवत म्हणत, "बसा, बसा. उठू नका कोनी. सरकारी मोजनी आहे, आत्ता होते." मग क्षणभर थांबत. कोणी उठलं नाही याची खात्री झाली, की माझ्याकडे वळून म्हणत, "हं, धरा साखळी, बाबू."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, गावकरी जमले असतील. मागे एकटा कोतवाल उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर यात काही वेगळं घडतंय असा भाव अजिबात नव्हता. मी मूळचा वर्ध्याचा, नोकरीत नवा. गोंदियाकडची रीतच अशी असेल, असं समजून मी साखळी उचलली. ती रीत नव्हती. ती फक्त टेंभरे अमिनांची होती.

तेव्हा मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. गाव मालगुजाराचं होतं तोवर गुरं कुठे चारायची, खळं कुठे घालायचं, मढं कुठे न्यायचं हे सगळं वहिवाटीने चालत असे. आता गाव सरकारचं झालं. नागपूरहून हुकूम आला, की अशा सगळ्या जागा मोजून कागदावर आणा. कागदावर आली ती जागा कायमची गावाची. न आली ती ज्याच्या कब्जात असेल त्याची. चराऊ रानं मोजायला माणसं लगेच मिळाली, कारण तिथे दूध-दही मिळतं. मरघट मोजायला कोणी पुढे येईना. टेंभरे अमिनांनी हात वर केला. कारण विचारलं तर म्हणाले, "जित्ते मानसं लय बोलतेत जी." आणि लिहायला म्हणून त्यांच्याबरोबर मला दिलं, कारण गोंदियाजवळच्या मुर्रीत मी त्यांच्या शेजारी राहत होतो आणि नाही म्हणण्याइतकी माझी नोकरी जुनी झाली नव्हती.

अमीन उंच, काटकुळे, बारा महिने काखेत छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. गोंदियात त्यांना सगळे 'मरघटवाले अमीन' म्हणत आणि बाजारात काही लोक त्यांचा हात चुकवून जात. त्यांना त्याचं काही नव्हतं. उलट चहाच्या दुकानात बाकावर ऐसपैस जागा मिळते, म्हणून ते खूश असत. घरी ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोघंच. काकू अंगणातल्या तुळशीपलीकडे फारशा कधी गेल्याचं मला आठवत नाही.

गावं दोन प्रकारची भेटत. पहिल्या प्रकारच्या गावांना वाटे, की सरकार मढ्यावर कर बसवणार आहे. सालेकशाच्या अलीकडे एका गावच्या मुकद्दमाने, म्हणजे पाटलाने, आम्हाला हात जोडून सांगितलं, "आमच्या गावात कोनी मरत नाही जी."

"असं?" अमीन म्हणाले. "मंग मी अठीच घर बांधतो. बाबू, उद्या काकूले घेऊन या."

एवढं बोलून ते मुकद्दमाच्या ओसरीवर पथारी पसरून आडवे झाले. दुपारी त्यांनी जेवण मागितलं, मग पान मागितलं, मग घरासाठी कोणती जागा देता ते विचारलं. उन्हं उतरली तसा मुकद्दम जवळ येऊन हळूच म्हणाला, "मरतेत जी. एखांदा-दुखांदा."

दुसऱ्या प्रकारची गावं हुशार. त्यांना खबर लागलेली असे, की मरघट लिहिला की जागा गावाची होते. अशा एका गावाने मालगुजाराच्या सगळ्यात चांगल्या धानाच्या शेतात रातोरात पुरल्याच्या खुणेचे गोटे उभे केले होते. अमिनांनी एक गोटा पायाने कलता केला. खाली ओली माती आणि एक बेडूक.

"हे सारे एकाच दिवसी मेले का?"

"पटकी आली होती, साहेब."

"बरं. हा गोटा कोनाचा?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एकजण धीर करून म्हणाला, "दशरथचा." त्यावर गर्दीतून मागून आवाज आला, "काऊन बे, माहा काऊन?" दशरथ स्वतःच मोजणी पाहायला आला होता.

तोंडी सांगण्यावर अमिनांचा विश्वास नव्हता तो अशाने. "तोंडाचं नोको सांगू. पाय पाहू दे," हे त्यांचं पालुपद. ते मरघटाच्या जरा लांब, झाडाखाली बसत आणि वाटेने जाणाऱ्या बाया पाहत राहत. मला सुरुवातीला हे बरं दिसलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तोंडं नाही, पाय पाहा." खरंच, पायवाट सरळ जात असली तरी एखाद्या ठिकाणी बाया किंचित वळून जात. डोक्यावर पाण्याची गुंडी, तोंडाने गप्पा चाललेल्या, पण पाय आपोआप वळे. तिथे खाली कोणीतरी असे. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, की ते चकित होऊन सांगत, की हो, तिथे अमक्याच्या आजाला ठेवलं होतं.

ही रीत दरवेळी साधत असे, असं मात्र नाही. एका गावाबाहेर बाया एका आंब्याला चांगला लांबचा वळसा घालून जाताना दिसल्या. अमीन हरखले. एवढा मोठा मरघट आणि गावाने सांगितलाच नाही! वहाणा काढून, टोपी सारखी करून ते झाडाखाली गेले, हात हलवून म्हणाले, "बसा, बसा. उठू नका कोनी," आणि साखळी जोरात झटकली. आंब्याला आग्या मोहोळ होतं. ते उठलं. आम्ही नाल्यात जाऊन पडलो, तेव्हा अमिनांची छत्री अजून काखेतच होती. पुढे आठवडाभर त्यांचा एक डोळा उघडत नव्हता, आणि दुसऱ्या डोळ्याने ते माझ्याकडे असे पाहत, जणू मी हसतोय. मी हसतही होतो.

एका गोष्टीत मात्र त्यांच्याशी थट्टा चालत नसे. मोठ्यांचे मरघट गावं दाखवत. लहान लेकरांच्या जागा कोणी दाखवत नसे. या भागात मोठ्यांना जाळोत की पुरोत, अंगावर पिणारं लेकरू मात्र पुरतात, तेही वेगळं, गावाजवळच एखाद्या झाडाखाली. त्यावर गोटा नाही, खूण नाही. पुरुषांना विचारलं तर ते म्हणत, "ते काय लिहाचं जी? लेकरंच तं होते." अमीन तेवढ्यापुरते लाल होत. "लेकराइले जागा लागत नाही का?" असं ते इतक्या मोठ्याने विचारत, की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरके. मग ते बसून वाट पाहत. कडेवर तान्हं असलेली एखादी बाई येई, आणि त्या झाडापाशी आली, की लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेई आणि त्याच्या डोक्यावर पदर ओढी. अमीन मला कोपराने ढोसत. "पाह्यलं? लिहा."

मला वाटे, एकेका म्हाताऱ्याला एकेक वेड असतं, याला हे आहे.

चैत्रात आम्ही दरेकशाला गेलो. स्टेशन एवढंसं, सगळीकडे डोंगर आणि जंगल. नाल्याकाठचा मरघट दुपारच्या आत मोजून झाला. मी कागद गुंडाळले. पण अमीन परतीच्या वाटेला लागेनात. ते गावाच्या कडेला मोहाच्या एका मोठ्या झाडासमोर जाऊन बसले आणि पाय पाहू लागले.

मोहफुलांचे दिवस होते. बाया टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली फुलं वेचत होत्या. कोणी वळत नव्हतं, कोणी पदर ओढत नव्हतं. दोघीतिघींनी तर आपली तान्ही तिथेच सावलीत चिंध्यांवर निजवली होती. मी म्हणालो, "साहेब, इथे काही नाही."

"दिसून राह्यलं मले," ते म्हणाले, आणि बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी कंटाळलो होतो. शेवटी ज्याच्या कब्जात ती जमीन होती तो सुखराम आला. भला माणूस, पण घाईत होता. मोहाची सावली धानावर पडते, म्हणून त्याला झाड पाडून तिथे बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, काढायची होती. आमचं काम होईपर्यंत तो थांबला होता.

"कागद साफ आहे ना जी? मी तोडू ना मंग?"

अमीन म्हणाले, "साफ आहे."

सुखराम बैलांकडे गेला. त्याची म्हातारी आई तिथेच फुलं वेचत होती. ती टोपली कमरेवर घेऊन आमच्यापाशी आली. गोंडाची बाई, बोलायला फटकळ. "काऊन बसून राह्यले जी काल्हापासून? फुलं पाह्यजे का?"

अमीन उठून उभे राहिले. "फुलं नाही पाह्यजे, बाई. मह्या पोरीले अठी ठेवलं होतं."

तोपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते सगळं तिलाच सांगितलं. मी नुसता तिथे होतो. फार वर्षांपूर्वी ते इथे पटवारी होते, तरणे, नवं लग्न. पहिली मुलगी झाली, आणि अंगावर पीत असतानाच पावसाळ्यात हिवतापाने गेली. तेव्हाचा कोतवाल गोंड होता. तो म्हणाला, मोहाखाली ठेवा, मोहाले दूध राह्यते, पोरगी उपाशी नाही राहनार. ते, काकू आणि कोतवाल, तिघांनी ठेवलं. पुढे बदली झाली. कोतवाल मेला. दुसरं लेकरू झालं नाही.

"मंग लिहा ना," म्हातारी म्हणाली. "तुमच्याच हाती आहे."

"नाही लिहिता येत," अमीन म्हणाले, आणि मला जसे समजावून सांगत तसे तिलाही नियम समजावून सांगू लागले. साक्ष गावच्या दोघांची पाहिजे. मोजणारा स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. आणि मयत त्याच गावच्या घरची पाहिजे. वाटसरूची, पाहुण्याची चालत नाही. "आमी तं बदलीवाले. नाही बसत नियमात. झाड पडाच्या आंधी एकदा पाहून घ्यावं वाटलं, एवढंच."

इतके दिवस मी ज्याला म्हाताऱ्याचं वेड म्हणत होतो ते हे होतं, आणि आता ते उद्या-परवा बांधीत जाणार होतं.

म्हातारीने टोपली खाली ठेवली. झाडाखालच्या बायांना गोंडीत काहीतरी ओरडून सांगितलं. त्या उठल्या, लेकरं उचलली आणि लांबच्या झाडाखाली गेल्या. मग ती शेताकडे चालू लागली. बऱ्याच वेळाने मुलाला घेऊन परत आली. सुखरामचा चेहरा पडलेला होता. तो वर झाडाकडे पाहत उभा राहिला. झाड मोठं होतं, आणि ती बांधी त्याच्या मनात केव्हाची होती.

"लिहा," तो मला म्हणाला. "अठी लेकरू ठेवलं आहे."

पुढचा प्रश्न अमीन विचारत असत. इतक्या गावांत त्यांनी तो विचारला होता आणि खोटं बोलणारा त्यांना लगेच कळत असे. पण त्यांनी तोंड फिरवलं होतं. म्हणून मी विचारला, "कोणाच्या घरचं?"

"आमच्या," सुखराम म्हणाला.

"हो, आमच्या," म्हातारी म्हणाली. "मी आजी तिची. घ्या अंगठा."

मी लिहिलं. दोघांचे अंगठे घेतले. अमिनांनी उलटतपासणी केली नाही. त्यांनी साखळीचं टोक धरलं, पण ती त्यांच्या हातून सारखी सैल पडत होती, म्हणून मोजणी दोनदा करावी लागली. सुखराम एका बाजूला उकिडवा बसून गवताची काडी चावत होता. निघताना अमीन त्याच्यासमोर थांबले. त्यांनी आपली छत्री त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि घेतली.

संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही परत निघालो. डब्यात गर्दी नव्हती. अमीन खिडकीशी बसले होते आणि गाडी सुटेपर्यंत प्लॅटफॉर्मकडे बघत होते. तो फार खाली होता आणि पायरी उंच होती. गाडी हलली तेव्हा त्यांनी विचारलं, "अठी गाडी कितीक थांबते, बाबू?"

"थोडंसंच."

"काकूचे गुडघे धरले आहेत," ते म्हणाले. "तेवढ्यात उतरनं होईल का तिच्यानं?"

"होईल," मी म्हणालो. "एका बाजूनं मी धरीन."