आधी वाट सांगा!

वास्तुशांतीला आलेला माणूस आधी देवाला हात जोडतो. बबनराव भिंतीला हात लावायचे. छातीच्या उंचीवर तळवा टेकवून यजमानांना सांगायचे, "पानी हितवर येतंय. फ्रिज माळ्यावर घ्या." मग प्रसाद घ्यायचे.

आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ते कारकून होते. मी त्यांचा साहेब. पुराचं पाणी कुठवर चढू शकतं ते सरकारी नकाशात निळ्या रेषेनं दाखवतात. ती रेषा बबनरावांच्या डोक्यातून कधी उतरलीच नाही. पुतणीसाठी आलेलं उत्तम स्थळ त्यांनी मोडलं. "पोरगा झ्याक हाय, पर बंगल्याचं जोतं बसकं हाय." कुठल्याही कार्यालयात, मांडवात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी वाट सांगा! भायेर पडायची."

पवनेकाठच्या कामगार वस्तीसाठी पूर आराखडा करायचा होता. वस्तीतलं शेवटचं, नदीला खेटून असलेलं घर बबनरावांचंच. "स्वतःच्या घरासाठी सरकारी आराखडा करता काय राव?" असं आम्ही चिडवायचो. ते फक्त हसायचे.

रंगीत तालीम ठरली. इशारा होताच सगळ्यांनी टेकाडावरच्या शाळेत जमायचं. बबनरावांनी एका बंद पडलेल्या कंपनीचा भोंगा मिळवला आणि सकाळी वाजवला. शाळेत जमलो मी, दोन हवालदार आणि एक कुत्रा. वस्ती गेली कुठे?

वस्ती डबे घेऊन हमरस्त्यावरच्या कंपनी बसच्या स्टॉपवर उभी होती. नुकतेच झोपलेले थर्ड शिफ्टवालेसुद्धा! बायकांनीच त्यांना उठवलं होतं, "अहो, शिफ्ट बदलली वाटतं!"

बबनराव धावत तिथे गेले. "आरं, पूर आलाय, पूर!"

"काका, पूर आला तरी हाफ डे लागतोच!" रांगेतून उत्तर आलं.

हा किस्सा मी प्रत्येक निरोप समारंभात सांगितला आणि नेहमी इथेच थांबलो. लोक हसायचे, बबनरावही हसायचे. आता ते नाहीत, आणि अर्धाच किस्सा मागे ठेवून जाणं मला बरं वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आराखडा बदलला. जमण्याची जागा बस स्टॉप, तिथून कंपनीच्या बसने शाळा. मी म्हणालो, "बबनराव, हा आराखडा आहे की बसचं वेळापत्रक?"

"साहेब, घाबरल्या मान्साला नवी वाट गावत न्हाई. स्टॉपवर ही मान्सं झोपंतबी जात्यात. स्टॉप उंचावर हाय. मंग आपुनच तिकडं जाऊ की!"

मी हसत हसत सही केली.

पुढच्याच पावसाळ्यात एका दुपारी धरणातून पाणी सोडलं. भोंगा वाजला. शाळेकडे कुणी फिरकलं नाही, पण स्टॉप भरला. मी तिथे होतो, बबनराव नियंत्रण कक्षात फोनवर.

"पवारांची म्हातारी?"

"आली."

"इस्त्रीवाल्याची लेकरं?"

"बसमध्ये आहेत."

अशी एकेक घराची चौकशी चालली होती. तेवढ्यात दोन कामगार एका बाईला खुर्चीसकट उचलून घेऊन आले. अर्धांगवायूने तिचं डावं अंग गेलेलं होतं. "कोण या?" मी विचारलं.

"बबनकाकांची मंडळी. साहेब, तुम्हाला ठाऊक नाही?"

खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या समोरच्या टेबलावर बसत होता. पूर आला की त्याची ड्युटी ऑफिसात असायची आणि बायको नदीकाठी एकटी.

फोनवर मी म्हणालो, "बबनराव, सगळे आले. सगळे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आमचीनं काय खाल्लं का?"

मी बसमध्ये डोकावलो. शेजारची एक बाई तिला चहात बुडवलेलं बिस्कीट भरवत होती.

"खातायत."

"व्हय?" त्यांनी नाक ओढलं. "हळू भरवा म्हनावं, साहेब. ठसका लागतो तिला."