काकाजींच्या बंदुकीत अडकलेला गज

पितळेचे तांबे चिंच-मिठाने लखलखतात, तर बंदूक का लखलखणार नाही, असं मला एका दसऱ्याच्या तोंडावर वाटलं. तेव्हा मी पन्नाशीची होते. म्हणजे आजच्या मानाने पोरगीच; पण साऱ्या नंदनवन वस्तीची अक्कल माझ्याच घरी ठेवायला दिली आहे, अशा थाटात वावरायची.

बंदूक काकाजींची. काकाजी म्हणजे आमच्या ह्यांचे काका. आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर, आणि काकी गेल्यापासून घरात ते एकटेच. दारात कुणी आलं की "बसा" म्हणायच्या आधी ओठांवर बोट ठेवायचे, "हळू बोला गा, थे झोपली हाये." थे म्हणजे खुंटीवरची बंदूक. ठासणीची, तोंडातून दारू ओतायची आणि लांब लोखंडी गजाने ठासायची, असली जुनी. कामठीच्या एका म्हाताऱ्याकडून सेकंडहँड घेतलेली, रीतसर लायसनची, शेतातल्या रानडुकरांसाठी. डुकरं तिला चांगली ओळखून होती. बार झाला की जरा मान वर करायची आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घालायची.

"मारासाठी थोडीच हाये? आवाज पुरते त्यायले," काकाजी म्हणायचे. नेमाबद्दल विचारलं की त्यांना ऐकू यायचं नाही.

दसऱ्याला मात्र तिची पूजा थाटात. म्हणून काकाजी बाजारात गेलेले पाहून मी कामाला लागले. बंदूक रिकामी होती. दारू ते घरात ठेवतच नसत. ह्यांच्या जुन्या बनियनची चिंधी गजाला गुंडाळली, चिंचेच्या कोळात बुडवली आणि दिली नळीत ठोसून. गज आत गेला झोकात. बाहेर यायचं नाव नाही. मी ओढलं, पाय लावून ओढलं, देवाचं नाव घेऊन ओढलं. एवढ्यात काकाजी दारात.

"काहून वं, सुनबाई? दात काढून राहिली का तिचे?"

मला रडूच फुटलं. काकाजींनी बंदूक मांडीवर घेतली, नळीच्या तोंडाचा वास घेतला. "चिंच? आता गूळ टाक अन् वरण कर."

बातमी गल्लीभर झाली. संध्याकाळी आमचे दोघे पुतणे पक्कड घेऊन आले. समोरच्या लताबाई खोबरेल घेऊन आल्या. ह्यांनी मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्याचा व्हिडिओ लावला. तो काय म्हणतो ते कुणालाच कळेना, तरी सगळे माना हलवत होते. कुणी म्हणालं गरम पाणी ओता, कुणी म्हणालं मागच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा मारा. काकाजी सगळ्यांचं ऐकायचे आणि कुणालाच हात लावू द्यायचे नाहीत.

"ओढू नोका गा, तुटन थे. तेल मुरू द्या. उद्या या."

लोक उद्या आले. परवाही आले. ज्या घरात माझ्या डब्याखेरीज काही जात नव्हतं, तिथे चहाचं आधण उतरेना. कप कमी पडले, मी आमच्या घरचे नेले. मला मात्र घास गोड लागेना. पूजा चुकली तर म्हाताऱ्याच्या एकुलत्या एका सोबतिणीचा जीव माझ्या चिंचेने घेतला, असंच होणार होतं.

दसऱ्याच्या सकाळी दूध द्यायला मी मागच्या दाराने गेले आणि उंबऱ्यातच थबकले. काकाजी पाटावर बसले होते. बंदूक एका बाजूला, अख्खा गज हातात, पुसून स्वच्छ. तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं, पुतण्यांचे आवाज आले. काकाजींनी चटकन गजाला चिंधी गुंडाळली, तो नळीत दाबून बसवला आणि चेहरा असा पाडला, की मला माझ्या चिंचेची पुन्हा लाज वाटावी. मी आल्या पावली परत फिरले.

दुपारी सगळे जमले. "चला, आता ओढा," काकाजींनी हुकूम सोडला. दोन्ही पुतण्यांनी जोर लावला, गज सुटला, पुतणे लताबाईंच्या रांगोळीवर आडवे. काय हशा, काय टाळ्या! बंदुकीला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. आपट्याची पानं देऊन सगळे काकाजींच्या पाया पडले आणि एकेक करून घरी गेले.

मी कप गोळा करत राहिले. मग हळूच विचारलं, "काकाजी, गज खरा निघाला कधी?"

"पयल्याच दिवशी. तेल टाकलं, जरा फिरवला, निघाला."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. ओट्यावरच्या उष्ट्या कपांकडे पाहत होते. मग बंदूक खुंटीला लावत म्हणाले,

"सुनबाई, पुढच्या दसऱ्यालेही तूच घास वं इले. अन् चिंधी जरा जाड घे."