वाती वळणारा हात

त्या श्रावणात मी महादेवाला लाख वाती बोलले, त्या एवढ्याचसाठी की ह्यांच्या कारखान्यात जपानी रोबो येऊ नये. (देवाला रोबो म्हणजे काय हे समजावण्यात माझा अख्खा सोमवार गेला.)

"नुसता हात असतो," हे म्हणाले होते. "दहा माणसांचं काम करतो."

त्या दहांत हेही होते.

वाती त्रिपुरी पौर्णिमेला अंबरनाथच्या शिवमंदिरात लावायच्या. दिवाळी सरली, बोटं सोलली, तरी निम्म्या बाकी. ह्यांना माझी दया आली. शेजारच्या कुंदावहिनींचा जुना मिक्सर, सायकलची चेन आणि माझा पोळपाट जोडून ह्यांनी वाती वळणारा हात केला.

"अहो, रोबो टाळायच्या वाती रोबोनेच वळायच्या?"

"त्याला कुठे कळतंय?"

कुंदावहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, पोळ्या लाटणारा करा, मीसुद्धा व्रत धरते."

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी हात सुरू करून मी त्याच्या शेजारीच माहेरहून आणलेल्या गादीवर जरा कलंडले. त्याच्या गुणगुणीने डोळा लागला. स्वप्नात पुढचं शतक आलं. देवळात माणसांऐवजी नुसते हातच आरती करत होते आणि एकादशी म्हणून एकही हात तेल घेत नव्हता. भिंतीवरच्या दगडी अप्सरा कौतुकाने बघत होत्या. त्या घडवणाऱ्यालाही वाटलं असेल का, ही आता हलेल? मी मात्र फुलासारखी अलगद खाली खाली चालले होते...

जाग आली तेव्हा मी फरशीवर होते. खाली गादीची रिकामी खोळ आणि भोवती वातींचा ढीग. आपला कापूस संपल्यावर हाताने गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून माहेर उपसलं होतं.

लाख भरले. मी सगळ्या वाती तुपात भिजवून लावल्या. तरी रोबो आलाच. साहेबांनी विचारलं, "याची देखभाल कोण करेल?" सगळे मागे सरकले. हे म्हणाले, "घरी एक केलाय." ह्यांची नोकरी राहिली.

मी हात जोडले, पण मनातली शंका जाईना. गुरुजींना विचारलं, "वाती यंत्राने वळल्या, तर पुण्य कोणाचं?"

"ज्याने वळल्या त्याचं."

म्हणजे देवाने ऐकलं ते त्याचं. मग सात जन्म हाच नवरा मिळावा, हे वाती लावताना केलेलं माझं मागणंही त्याच्याच पदरात पडायचं की काय? धास्तावून मी ह्यांना विचारायला गेले.

हे त्या हाताला तेल चोळत बसले होते. म्हणाले, "थांब जरा, दमलाय तो."