पहिल्या बेसचे दोन रंग

नियम पाळण्यासाठी असतात, असा एक गैरसमज सर्वत्र आहे. पाळला जाणारा नियम कोणाच्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतो तो बदललेला. हे ओळखून राज्याच्या शालेय क्रीडा मंडळाची बेसबॉल समिती दर जानेवारीत नियम बदलते, फेब्रुवारीत त्या बदलांचे अर्थ काढते आणि मार्चमध्ये, जमीन अजून गोठलेली असताना, पंचांची परीक्षा घेते. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरं लिहायची मुभा आहे. (तरीही काही जण नापास होतात. त्यांना मंडळ हंगामभर मैदानावर पाठवतं, सराव व्हावा म्हणून. पंच कमी आहेत.)

कोल्टन फोर्क गावचा लोवेल नीमायर या परीक्षेत कधीच नापास झाला नाही. एरवी तो शेतातल्या पाणीपंपांचे सुटे भाग विकतो. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी चार वाजले की दुकानाला कुलूप लावतो, छातीला पॅड बांधतो आणि शाळेच्या मैदानावर चेंडू अडवणाऱ्या कॅचरच्या मागे वाकून उभा राहतो. गावातले लोक त्याला काही सांगायला जरा बिचकतात. कोणी म्हणालं, "काल आमची गाय कुंपणावरून उडी मारून गेली," की लोवेल विचारणार, "किती बाद?" हा विनोद नाही. तीन बाद झाले की डाव संपतो, त्यामुळे बाकी सगळं या आकड्यावर ठरतं. प्रसंग कोणताही असो, पंचाने पहिल्यांदा हेच विचारायचं आणि मग उरलेलं ऐकायचं, असं तो नव्या पंचांना शिकवतो. त्याच्या लग्नात पाद्र्याने "कोणाची काही हरकत?" असं विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून हाच प्रश्न आला होता. विचारणारा होता डेल क्रुपिका, नवरीचा धाकटा भाऊ. तोच आता शाळेच्या संघाचा प्रशिक्षक आहे.

मेहुणा ज्या संघाचा प्रशिक्षक, त्याच्याच सामन्यात पंच म्हणून उभं राहता येतं का? येतं. मंडळाच्या लेखी नातं हा दोष नाही. पंच जवळपास राहत असल्याचा तो पुरावा आहे.

त्या वर्षीचे बदल नेहमीप्रमाणे दूरगामी होते. हातमोज्याच्या नाडीला आता कोणताही रंग चालणार होता. खुणांचं कार्ड मनगटावर चालेल, कमरेला चालणार नाही. (मांडीबद्दल समितीचा अभ्यास सुरू आहे.) पंचांच्या पँटला राखाडीच्या दोन छटा मान्य झाल्या, फक्त एका सामन्यातल्या दोन्ही पंचांची छटा एकच हवी, त्यामुळे लोवेल दोन्ही पँट गाडीत ठेवून फिरू लागला, आणि त्याचा जोडीदारही, आणि दोघे दर वेळी वेगवेगळी घालून उतरू लागले. पण सगळ्यांत मोठा बदल म्हणजे फलंदाजाने चेंडू मारून जिथे आधी पोहोचायचं तो पहिला बेस दुहेरी झाला.

आजवर तिथे एकच पांढरी गादी असे. चेंडू झेलणारा आणि धावत येणारा फलंदाज दोघेही तिच्यावरच पाय टाकत, आणि अधूनमधून एकमेकांवर. आता पांढरीला चिकटून, रेषेच्या बाहेर, एक नारंगी गादी आली. पांढरी झेलणाऱ्याची, नारंगी धावणाऱ्याची. चेंडू तिकडे फेकलेला असताना फलंदाजाने पांढरीवरच पाय दिला, तर तो बेसला पोहोचलाच नाही असं समजायचं. समोरच्या संघाने दाद मागितली की बाद. मंडळाच्या पाहणीनुसार यामुळे टकरी सत्त्याण्णव टक्क्यांनी घटतात. (उरलेले तीन टक्के खेळाडू नारंगी गादी कुठे आहे ते खाली बघत धावतात.)

लोवेलला हा नियम इतका आवडला की त्याने तो जेवताना बायकोला दोनदा समजावून सांगितला.

"म्हणजे दोन टॉवेल," ग्लेंडा म्हणाली. "एक तुझा, एक माझा. आपल्याकडे तीस वर्षं आहे हा नियम. तू पाळत नाहीस."

"तू दाद मागितली नाहीस."

"आता मागते."

यानंतर मे महिन्यात जे घडलं ते मंडळाच्या पद्धतीनेच, नावं गाळून सांगणं योग्य. नावं आली की माणसं येतात, आणि माणसं आली की अर्थ हलतो.

परिस्थिती १. जिल्ह्याचा अंतिम सामना. सातवा, म्हणजे शेवटचा डाव, चार-चार बरोबरी. यजमानांची फलंदाजी. एक धाव झाली की सामना, करंडक आणि अग्निशामक गाडीवरून मिरवणूक. धावपटू (यापुढे ध) तिसऱ्या बेसवर. फलंदाज (यापुढे फ, तो प्रशिक्षकाचा मुलगा आणि पंचाचा भाचा गॅरेट आहे, पण नावं गाळल्यावर हे उरत नाही) चेंडू जमिनीलगत मारतो. क्षेत्ररक्षक तो पहिल्या बेसकडे फेकतो. फ चेंडूच्या आधी पोहोचतो. इकडे ध घरच्या बेसवर येतो, म्हणजे धाव पुरी. गाव मैदानात उतरतं. अग्निशामक गाडी सुरू होते. एवढ्यात पाहुण्यांचा प्रशिक्षक अगदी शांतपणे चालत येतो आणि म्हणतो की फ चा पाय पांढऱ्या गादीवर पडला.

निर्णय: फ बाद. धाव नाही. गाडी बंद करावी.

टीप: लोवेलने बादची मूठ वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, असं नंतर अनेकांनी सांगितलं. हे खरं आहे. जानेवारीपासून तो या क्षणाची वाट बघत होता. फक्त तो भाच्याच्या पायातून येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

डेल तिसऱ्या बेसपासून आला तो धावत नाही, चालत. ते जास्त वाईट असतं.

"लोवेल, अरे तो सात वर्षांचा असल्यापासून पांढऱ्यावर पाय टाकतोय. कोणी शिकवलं त्याला? तू. तुझ्या अंगणात, पिठाच्या पोत्यावर."

"तेव्हा नियम वेगळा होता."

"आणि ती फेक बघितलीस? पॉपकॉर्नच्या गाडीपाशी गेली. चेंडू बेसवर आलाच नाही तर पांढरा काय नि नारंगी काय."

"चेंडू येत होता. वाट चुकला."

"वाट चुकलेला म्हणजे आलेला?"

"यायच्या उद्देशाने निघालेला."

डेलने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "ठीक आहे, पंचसाहेब," तो म्हणाला.

मग पाहुण्यांचा प्रशिक्षक आला, दुसरा पंच आला, शाळेचे मुख्याध्यापक आले, पॉपकॉर्नवालाही आला आणि चेंडू नेमका कुठे पडला ते दाखवून गेला. अर्धा तास पांढरा आणि नारंगी याखेरीज कोणी शब्द बोललं नाही. शेवटी डेलने पोरांना हातमोजे घ्यायला सांगितले, संघ क्षेत्ररक्षणाला उतरला, जादाच्या आठव्या डावात पाहुण्यांनी दोन धावा केल्या आणि करंडक त्यांच्या बसमध्ये बसून गेला.

तेव्हापासून गावात दोन पक्ष आहेत. पांढरेवाले पंचाच्या बाजूचे, नारंगीवाले फेकीच्या. कॅफेत ते वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. (पॉपकॉर्नवाला दोन्हीकडे विकतो.)

परिस्थिती २. गेली कित्येक वर्षं दर रविवारी डेल आपल्या आईच्या पद्धतीचे कोलाचे नावाचे गोड भरलेले पाव, निम्मे जर्दाळूचे नि निम्मे खसखशीचे, ट्रेमध्ये घालून बहिणीकडे येत असे. तो आणि लोवेल मागच्या पायरीवर बसून ट्रे संपवत आणि बेसबॉलवर भांडत. निकालानंतर ट्रे बंद. आता पत्नी रविवारी एकटीच भावाकडे जाते. रिकाम्या हाताने परतते, पण बाहीवर खसखस आहे.

निर्णय: उल्लंघन डोळ्यांना दिसलं तरी कोणी दाद मागितल्याशिवाय पंचाने बोलायचं नसतं. लोवेल बोलला नाही. खसखस मात्र त्याने झटकली, आणि झटकायला लागली त्यापेक्षा थोडा वेळ जास्त त्या बाहीकडे बघत राहिला.

परिस्थिती ३. थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरातला सहकुटुंब जेवणाचा सण.

"या वर्षी जेवण डेलकडे आहे," ग्लेंडा म्हणाली. "तुलाही बोलावलंय."

"काय म्हणाला? शब्द सांग."

"म्हणाला, पंचसाहेबांना यायचं असेल तर येऊ दे. पण माझ्या घरात पहिला बेस एकच आहे."

"हे बोलावणं नाही."

"डेलच्या तोंडून एवढंच निघतं. तुझ्या तोंडून तर तेवढंही निघत नाही."

निर्णय: ग्लेंडा गेली. लोवेलने डब्यातलं टोमॅटोचं सूप गरम केलं, टीव्हीवरचा फुटबॉलचा सामना लावला आणि त्यातल्या पंचांच्या तीन चुका दाखवल्या. दाखवायला कोणी नव्हतं.

त्या रात्री त्याने ठरवलं की आता वरपर्यंत जायचं. वर म्हणजे राजधानीतले एव्हरेट पाइल, मंडळाचे अधिकृत अर्थनिर्णायक. पंचांकडून आलेल्या प्रसंगांतून ते निवडक वीस दर फेब्रुवारीत छापतात, निर्णयासकट. त्या विसांत आपला एखादा प्रसंग यावा याहून मोठी इच्छा पंचाला नसते. (नाव छापत नाहीत. हाच मान.) पण लोवेलला या खेपेला मान नको होता. पाइलसाहेबांनी आपल्याला बरोबर ठरवलं तर कागद घेऊन डेलकडे जाता येईल. चूक ठरवलं तर टोपी हातात घेऊन जाता येईल. जायला काहीतरी लागतं. नुसतं कसं जाणार? कोणताही अर्थ निघाला तरी रविवार परत येणार होता.

त्याने सहा पानं लिहिली. गादीची लांबी-रुंदी, उन्हाची तिरीप, फेकीचा कोन, पॉपकॉर्नच्या गाडीचं स्थान, बुटाचा तळ आणि त्यावर लागलेली पांढरी धूळ. ग्लेंडाने वाचून सांगितलं की आपल्या लग्नाबद्दल तू एवढं कधी लिहिलं नाहीस.

फेब्रुवारीत पुस्तिका आली. लोवेल भांडी घासत होता, हात ओले होते, म्हणून ग्लेंडाने वाचली.

"परिस्थिती अकरा. दुहेरी बेस... ध तिसऱ्यावर... हे तुझंच आहे, लोवेल. निर्णय. यायच्या उद्देशाने फेकलेला चेंडू हा आलेलाच समजावा."

लोवेलने डोळे मिटले.

"थांब, पुढे आहे. अ. आधी दोघे बाद असतील, तर फ हा तिसरा. तिसरा गडी पहिल्या बेसला न पोहोचता बाद झाला तर धाव मोजू नये. पंच बरोबर. ब. त्याहून कमी बाद असतील, तर फ बाद, पण धाव मोजावी. सामना तिथेच संपला, यजमान विजयी." ती थांबली. "टीप. पाठवणाऱ्याने किती बाद होते ते कळवलेलं नाही. कृपया कळवावं."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो कोणी बंद केला नाही.

"लोवेल," ग्लेंडा म्हणाली, "किती बाद?" तीस वर्षं तिने हा प्रश्न ऐकला होता, विचारायची वेळ पहिल्यांदाच आली.

लोवेलने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. बाद मोजायची चकती पंचाच्या डाव्या हातात असते. मूठ वर करता करता त्याने ती सवयीने शून्यावर आणली होती. धावफलकावर बाद दाखवणारे दोन दिवे आहेत, पण एक गारपिटीत फुटल्यापासून एक आणि दोन सारखेच दिसतात. दोन्ही संघांच्या गुणलेखकांनी त्या डावात तीन बाद मांडले होते, कारण डाव संपला होता, आणि संपलेल्या डावात तीनच असणार.

तो तसाच, ॲप्रनवर कोट घालून, डेलकडे गेला.

"या, पंचसाहेब," डेल म्हणाला, आणि दारातून हलला नाही. लोवेलने पुस्तिका पुढे केली. डेलने दारातच वाचली. मग आत जाऊन मांस ठेवायच्या फ्रीजरवर बसून परत वाचली.

"किती होते?" त्याने विचारलं.

"तू सांग. तिसऱ्या बेसशी उभा तूच होतास."

"मी रंग बघत होतो."

"मीपण."

फ्रीजरची मोटर सुरू झाली आणि बंद पडली.

"एकच असेल, तर आपण जिंकलो होतो," डेल म्हणाला. "आणि पोरांना मैदानात मी पाठवलं. मीच म्हणालो, हातमोजे घ्या."

"हो."

"हे कोणाला माहीत आहे?"

"ग्लेंडाला."

"मग तिचंही ताट वाढावं लागेल." डेल उठला. ओव्हनमधून ट्रे काढून त्याने त्यांच्या मध्ये फ्रीजरवर ठेवला. "बस, लोवेल. पहिल्यापासून मोजू. डावाची सुरुवात कोणी केली?"

"तो तुझा डावखुरा. उंच उडवला, झेल."

"ते सहाव्या डावात."

"सातव्यात."

"तू घे आधी. जर्दाळूचा त्या बाजूला आहे."

तेव्हापासून दर रविवारी मोजणी चालू आहे. कधी एक येतात, कधी दोन. एकदा चार आले, तेव्हा ट्रे मोठा होता. गॅरेटला विचारायचं नाही, यावर दोघांचं एकमत आहे. त्याला आठवत असण्याची शक्यता आहे. पाइलसाहेबांना अजून उत्तर गेलेलं नाही. कॅफेतली टेबलंही अजून वेगळीच आहेत.

वाचकांनीही एव्हाना कोणाची तरी बाजू घेतलीच असेल. फेक आली की नाही, पंच हसला ते योग्य झालं का, डेलने दारात उभं ठेवायला नको होतं, अशी मतंही तयार असतील. किती बाद, हे आधी विचारायचं असतं, असं अगदी सुरुवातीलाच, गायीच्या उदाहरणासह सांगितलं होतं; तरी कोणी विचारलेलं नाही. राज्यात पंच कमी आहेत. वाचकांची पात्रता पूर्ण झालेली आहे. अर्ज मार्चपर्यंत घेतले जातील. पँट स्वतःची आणावी, दोन्ही छटांत.