गुलाबमामाजींची टुरिस्टची खोली

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, ओळ तिरपी जाते, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. याच अक्षरात मी अकरा वर्षं दिल्लीच्या मंत्र्यांना पत्रं लिहिली. उत्तर येत नाही ते माझ्या अक्षरापायीच, अशी धास्ती मला सारखी असायची.

पत्रं माझी नव्हती, आमचे शेजारी गुलाबमामाजी यांची होती. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. रेल्वेत तिकीट कलेक्टर होते, मग रिटायर झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. उजवा हात थरथरायचा, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे.

मी लग्न होऊन या घरात आले त्याला सहा-सात वर्षं झाली होती, माझी पोरगी शांता पाच वर्षांची होती. एका सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "काय वं सुनबाई, आपली पोर आता कोनाच्या घरी गेली, आयकलं काय?"

माझ्या हातातली बादली पडली. मला वाटलं, गल्लीतली कोणाची पोरगी पळाली.

पोर म्हणजे पर्यटन. सरकारातलं पर्यटनाचं काम. त्याला तेव्हा स्वतःचा मंत्री नव्हता. कधी या खात्यात, कधी त्या खात्यात. मामाजींना ती परक्याच्या घरी वाढणारी पोर वाटायची. पुढे काही वर्षांनी ते म्हणत, "आधी मोटारी-सडकांच्या घरी होती. मंग टपाल-तारेच्या घरी गेली. आता जहाजं आन् इमानं सांभाळनाऱ्याच्या घरी. जिथं जाईन तिथं उरलेलं खाते बिचारी." मंत्रिमंडळ बदललं की ते वाचनालयात जाऊन सगळी यादी वाचत, आणि पोर कुठे गेली ते एका वहीत मांडून ठेवत. मग मी नव्या पत्त्यावर पत्र लिहीत असे.

पत्रातलं मागणं एकच. बाळापूरचा किल्ला आणि नदीकाठची दगडी छत्री पाहायला परदेशी माणसं पाठवावी, राहायची सोय अकोल्याला आम्ही करू. मामाजी बाळापूरचे. तीस वर्षं ते फलाटाच्या दारात उभे राहिले. "गोरा सायेब खिडकीतून पाह्यते, केळं खाते, आन् गाडी सुटते. उतरत कोनी नाई. मी त्यायले काय खाऊन टाकलं असतं काय?"

एकदा दिल्लीहून छापील कार्ड आलं. आपलं पत्र योग्य त्या खात्याकडे पाठवलं आहे, एवढंच त्यात होतं. मामाजींनी ते तीनदा वाचलं.

"पसंती झाली," ते म्हणाले.

मी भीत भीत म्हटलं, "मामाजी, यात तसं कुठे लिहिलंय?"

"लिहून कोन देते? सोयरिकीत पत्रिका पाठवली आन् वापस नाई आली, त आपन काय समजतो? इथं त पुढच्या घरी धाडली म्हनते. वापस धाडली काय?"

आमच्याकडे पत्रिका ठेवून घेतली म्हणजे होकार, हे खरंच होतं.

मग त्यांनी पुढची खोली टुरिस्टसाठी तयार करायला घेतली. स्प्रिंगचा पलंग, मच्छरदाणी, तोंड धुवायचं चिनी मातीचं भांडं. परसाकडे बसायला त्रास नको म्हणून सुताराकडून मधे भोक पाडलेली खुर्ची करून घेतली. ते भोक कशाला, असं सुतार मोठ्याने विचारत गल्लीभर फिरला. सामानाला पैसे कमी पडले, तेव्हा ते माझ्याकडे आले.

माझ्याजवळ नव्वद रुपये होते. गोधड्या शिवून चार वर्षांत जमवलेले. माझी शांता पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती. पास झाली तर अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालायचं, राहण्याची अनामत त्यातून भरायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. घरात कोणाला माहीत नव्हतं. मला चौथीतून काढलं त्या दिवशी मी पाटी घेऊन कडब्याच्या गंजीमागे बसले होते. शांताचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

तरी मी पैसे दिले. नाही म्हणायला तोंड लागतं, ते मला कधी नव्हतं. "पयला टुरिस्ट आला का पयले तुह्ये पैसे," मामाजी म्हणाले.

वर्ष गेलं. टुरिस्ट आला नाही. मामाजी रोज खोली झाडत, मच्छरदाणी सोडत, सायकलीवर स्टेशनावर मेलगाडीला जाऊन एकटेच परत येत, मच्छरदाणी पुन्हा बांधत. भिंतीपलीकडून झाडूचा आवाज आला की मी माझे नव्वद रुपये मनात मोजून पाहायची. मी दोनदा वाटीभर पाटवड्या घेऊन पैसे मागायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी पाटवड्या खाल्ल्या, दिल्लीची हकीकत सांगितली, आणि मी रिकामी वाटी घेऊन परत आले.

सदुसष्टची निवडणूक झाली. मामाजी गूळ-फुटाणे वाटत आले. "सुनबाई, आपल्या पोरीले स्वताचं घर भेटलं. पर्यटन मंत्री. इमानं सोबत हायेत, पन नाव आधी हिचं." त्यांचे डोळे भरले होते. मी फुटाणे हातात घेऊन जून किती लांब आहे ते मोजत होते.

शांता पास झाली. अमरावतीहून कागद आला, पंधरा जूनपर्यंत पैसे भरा. शांताचे वडील तो कागद वाचून म्हणाले, "कोन्या पैशानं?" मी म्हटलं, "आहेत." म्हणाले, "कुठी हायेत?" मी चुलीत फुंकर घालत राहिले.

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात बदलून आलेली एक नर्सबाई गल्लीत खोली शोधत होती. लीलाबाई नाव, धामणगावकडची. बौद्ध आहे म्हटल्यावर ज्याची त्याची खोली कालच भाड्याने गेलेली असे. आमच्याही मागच्या खोलीचं तिने विचारलं, आणि आत्याबाईंनी, माझ्या सासूने, नाही म्हटलं तेव्हा मी तिथेच उभी होते. ती ट्रंक उचलून पुढच्या दाराशी गेली.

"कुठून आल्या?" मामाजींनी विचारलं.

"धामणगावहून."

"गाडीनं?"

"हो."

"उतरून राहनार?"

"बदली आहे, राहावंच लागेल. आधी सांगते, आम्ही बौद्ध आहोत."

"दिल्लीवाले काय जात इचारून मानसं धाडनार होते? या. पलंगाले स्प्रिंग हाये, हळू बसजा."

गल्लीत कुजबूज झाली. कोणी त्यांना टोचलंही, "काय गुलाबराव, हेच काय तुमचे टुरिस्ट?" ते म्हणाले, "हो. इलायतेहून धामनगाववरूनच येते गाडी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साठ रुपये माझ्या हातावर ठेवले. तीन महिन्यांचं आगाऊ भाडं. मग आमच्याच ओसरीवर मला पत्र लिहायला बसवलं. पोरीला स्वतःचं घर मिळाल्यानंतरचं आमचं ते पहिलं पत्र. "लिही. मंत्रीसायबांस नमस्कार. खोली भरली आहे. सध्या कोणास पाठवू नये."

मी लिहीत असताना भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं, पाण्याचा तांब्या ठेवला. मामाजी सांगायचं थांबले आणि ऐकत बसले. अकरा वर्षांत त्या घरातून त्यांच्याशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज मी ऐकला नव्हता. त्यांनीही नव्हता. "च्या घेत असन काय ते?" त्यांनी मला हळूच विचारलं. "बाईमानसाले कसं इचारा लागते?"

तीस रुपये राहिले होते. चौदा जूनपर्यंत मी जेवले की नाही, आठवत नाही. चौदाला मामाजी बाजारातून पायी आले. मेलच्या वेळेला ज्या सायकलीवर ते रोज स्टेशनावर जात, ती विकली म्हणाले. "आता कोनाले आनाले जाऊ? आलं ना मानूस."

त्यांनी नोटा मोजल्या, मग मला मोजायला लावल्या. तीस होत्या. नव्वद पुरे झाले.